नाण्याची प्रत

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं पुष्कळ घरांत देवघराच्या फळीवरून एक लहानसा डबा खालीं येतो. त्यांत दोन-चार जुने रुपये असतात. एकाद्या घरीं एकादी मोहोर, एकादी पुतळी, आणि तळाशीं, कोणीं कधीं ठेविली हें कोणासच आठवत नाहीं अशी तांब्याची शिवराई. पूजेपूर्वीं घरांतील उत्साही मंडळी हीं नाणीं चिंच आणि राख लावून घासतात, लखलखीत करतात, त्यांवर हळदकुंकूं वाहतात, आणि दुसऱ्या दिवशीं तीं पुनः डब्यांत जातात. या कृत्यांत भक्ति आहे, घराची रीत आहे, आणि गेलेल्या माणसांची आठवणहि आहे. परंतु ज्याला नाणीं जमविण्याचा नाद आहे त्याच्या काळजांत ती चिंच पाहून धस्स होतें. असें कां होतें, आणि ज्याला आम्ही नाण्याची ‘प्रत’ म्हणतों ती काय वस्तु आहे, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

या नादाला मी लागलों तो एका चुकीमुळें. मी शाळेंत असतांना आजोबांनीं मला राणी व्हिक्टोरियाचा, १८६२ साल असलेला एक रुपया बक्षीस दिला. तो काळसर होता. कडेनें निळसर-जांभळी छटा होती. मला तो मळ वाटला. स्वयंपाकघरांतून चिंचेचा कोळ आणि चुलींतील राख घेऊन मीं तो अर्धा तास घासला. रुपया आरशासारखा झाला. मोठ्या दिमाखानें मीं तो ओळखीच्या एका वृद्ध सराफांना दाखविला. त्यांनीं तो उजेडाकडे धरून दोनदां फिरविला, माझ्या हातावर परत ठेविला, आणि ते इतकेंच म्हणाले, “बाळ, शंभर वर्षांनीं केलेलें काम तूं अर्ध्या तासांत पुसलेंस.”

त्या बोलण्याचा अर्थ मला त्या वेळीं उमगला नाहीं. तो समजण्यासाठीं टांकसाळींत नाणें कसें जन्मास येतें हें पाहिलें पाहिजे. चांदीची कोरी चकती दोन ठशांच्या मध्यें सांपडते आणि तिच्यावर प्रचंड दाब पडतो. त्या दाबाखालीं धातु मध्यापासून कडेकडे सरकतो आणि ठशांतील खोलगट भागांत शिरतो. या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्याच्या अंगावर राहून जातात. नाणें एका दिव्याखालीं हळूहळू फिरविलें, म्हणजे त्या रेषांवरून उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांप्रमाणें फिरतांना दिसतो. हीच टांकसाळीची झळाळी. ती नाण्यावर एकदांच येते. घासलेल्या नाण्यालाहि चकाकी असते खरी, पण ती निराळी. भिंगाखालीं धरलें कीं एकाच दिशेनें गेलेले असंख्य बारीक ओरखडे दिसतात, आणि उजेड त्यांवर फिरत नाहीं, नुसता सांडतो.

आणि ज्याला मीं मळ समजलों तो मळ नव्हताच. हवेंत अत्यल्प प्रमाणांत असलेल्या गंधकाच्या वायूंशीं चांदीचा संयोग होऊन तिच्यावर एक थर चढतो. तो अगदीं पातळ असतांना सोनेरी, निळा, जांभळा दिसतो; जाड झाला कीं काळा. हा थर त्या नाण्याच्याच चांदीचा झालेला असतो. म्हणून तो घासून काढणें म्हणजे नाण्याची कातडी काढणें होय. तांब्याच्या नाण्यावरील तपकिरी सायीसारखा थरहि असाच. हिरवा, भुकटीसारखा कळंक मात्र खरा रोग. पण त्याचा उपाय जाणत्याच्या हातांत सोंपवावा, घरांत करूं नये.

नाण्याची पारख आपल्या लोकांना नवी नाहीं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्राच्या बाजारांत अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळीं चालत. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, सुरतेचा सुरती, असे किती तरी. प्रत्येकांतील चांदी कमीअधिक, म्हणून प्रत्येकाचा भाव निराळा; आणि एक देऊन दुसरा घेतांना जी तूट सोसावी लागे तिचें नांव बट्टा. १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या मुलखासाठीं एकाच वजनाचा व एकाच कसाचा रुपया काढला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. तोळ्याचें वजनहि तेंच; म्हणून आपल्या आज्या-पणज्या औषधाच्या वस्तु ‘रुपयाभार’ मोजून घेत. पुढें ते जुने रुपये गेले, त्यांच्या बरोबर तो बट्टाहि गेला, पण शब्द भाषेंत राहिला. अजूनहि माणसाच्या नांवाला बट्टा लागतो. सरळ माणसाला आपण बंदा रुपया म्हणतों. आणि सडेतोड उत्तराला खणखणीत म्हणतों.

मात्र सराफाची पारख आणि संग्राहकाची पारख या दोन भिन्न गोष्टी आहेत. सराफ धातु पाहतो. राणीचा चेहरा पुसट झाला आहे कीं ठळक आहे याच्याशीं त्याला विशेष कर्तव्य नाहीं. वजन भरलें, कस उतरला, कीं काम झालें. नाणें दगडावर आपटून त्याचा नाद ऐकण्यास त्याला संकोच वाटत नाहीं. संग्राहकानें असें कधींहि करूं नये, कारण तो धातु विकत घेत नसतो. टांकसाळींतून निघाल्यापासून आपल्या हातीं येईपर्यंत या नाण्यावर काय काय गुजरलें, हें तो वाचीत असतो. त्या वाचनाचें फळ म्हणजे प्रत.

प्रत ठरवितांना नाण्याला चार प्रश्न विचारावे. पहिला, तें नीट उठलें होतें काय? दुसरा, तें किती झिजलें आहे? तिसरा, त्याचें अंग मूळचें आहे कीं कोणीं घासलें आहे? आणि चवथा, त्याला कांहीं इजा झाली आहे काय? आपल्या देशांत या चवथ्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. आपण नाण्यांच्या माळा केल्या, रुपयाला कान लावून तो बाळाच्या गळ्यांत बांधला, मोहोरेला भोंक पाडून ती दागिन्यांत ओंवली. कान काढून जागा कितीहि सफाईनें घासली, तरी कडेवर डाग राहतो, आणि सरावलेलें बोट डोळ्यांच्या आधीं त्यावर अडखळतें.

झीज कशी पाहावी याचें उदाहरण म्हणून पंचम जॉर्जचा रुपया घेऊं, कारण तो अजून पुष्कळ घरांत सांपडतो. नाणें हाताळलें जातें तसे त्याचे उंच भाग प्रथम झिजतात. या रुपयावर ते भाग म्हणजे मुकुटावरील रत्नें, भुंवई, मिशी आणि कान. राजाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती आहे, तोहि पाहावा. सगळें स्पष्ट आहे, झळाळी अखंड आहे, उंच भागांवर घासटल्याची करडी छाया मुळींच नाहीं, असें नाणें तें अनसर्क्युलेटेड. त्याला आपण कोरें म्हणूं. झीज केवळ अगदीं उंच ठिकाणीं, तीहि शोधूनच दिसणारी, तें एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे अत्युत्तम. मुख्य रेषा स्वच्छ, पण बारकावे सपाट होऊं लागलेले, तें व्हेरी फाइन, म्हणजे उत्तम. बारकावे बरेचसे गेलेले, आकृति मात्र पूर्ण, तें फाइन. आणि या फाइनवर इंग्रजी न जाणणाऱ्यानें भुलूं नये, कारण आपल्या हिशेबीं तें मध्यमच होय. त्याच्या खालीं केवळ ओळख पटण्यापुरतीं नाणीं येतात.

या हत्तीची एक गोष्ट आहे. १९११ सालच्या रुपयावर त्याची सोंड इतकी आंखूड उठली कीं लोकांना तो डुकरासारखा दिसूं लागला. राजाच्या अंगावर डुकराचें चित्र, या समजुतीनें गवगवा झाला. तेव्हां सरकारनें ते रुपये परत घेतले. बहुतेक वितळविले, आणि १९१२ पासून सोंड सुधारून नवे काढले. म्हणून १९११ चा रुपया दुर्मिळ झाला. परंतु येथें नवशिके एक घोटाळा करतात. दुर्मिळपणा ही एक गोष्ट, प्रत ही दुसरी. १९११ चा झिजलेला रुपया हा दुर्मिळ पण झिजलेलाच रुपया. आपल्या जवळची वस्तु दुर्मिळ आहे म्हणून ती चांगल्या स्थितींतहि आहे, असें वाटूं लागणें, हा मोह संग्राहकाच्या मागें कायमचा लागलेला असतो.

उलट बाजूचा घोटाळाहि सांगतों. शिवाजी महाराजांच्या शिवराईवर एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ अशीं अक्षरें असतात. पण हातीं आलेल्या बहुतेक शिवरायांवर तीं पूर्ण नसतात; कोठें ‘श्री’ अर्धी, कोठें ‘व’ कडेबाहेर गेलेला. नवखा म्हणतो, नाणें फार झिजलें. तसें नव्हे. या शिवराया हातानें ठसा ठोकून पाडीत. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून सबंध मजकूर तुकड्यावर मावतच नसे. तो दोष घडणीचा, झिजेचा नव्हे. यंत्रावर पाडलेल्या रुपयाचा गज घेऊन शिवराई मोजणें हा तिच्यावर अन्याय होईल.

आणि इजाहि नेहमींच इजा नसते. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा एक मोठा सांठा सांपडला. त्यांत तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं, आणि तीं सर्व क्षत्रप राजा नहपान याचीं. त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला होता. तो गौतमीपुत्र सातकर्णीचा. नुसतें रूप पाहणारा म्हणेल कीं चांगलीं नाणीं विद्रूप केलीं. पण त्या ठशांनींच इतिहासकारांना सांगितलें कीं गौतमीपुत्रानें नहपानाचा पराभव करून त्याचें चलन आपल्या नांवें चालू केलें. हीं नाणीं प्रथम पाहणाऱ्या कोणीं जर त्यांना चिंच लावून घासलीं असतीं, किंवा वितळवून चांदी केली असती, तर आपल्या प्रांताच्या इतिहासांतील एक पान कोरें राहिलें असतें.

श्रोतेहो, आतां प्रत ठरविण्याच्या आंकड्यांकडे वळूं. उत्तम, अत्युत्तम या शब्दांवर वाद होतात, म्हणून अमेरिकेंत विल्यम शेल्डन नांवाच्या गृहस्थानें १९४९ सालीं, तेथील जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंट नाण्यांसाठीं, एक ते सत्तर अशी मोजपट्टी बसविली. त्याची मूळ कल्पना अशी कीं सत्तर अंकांचें नाणें एक अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमतीचें असावें. किंमतींचें तें गणित लवकरच कोलमडलें, पण आंकडे टिकले. आज जगभर अनेक ठिकाणीं त्याच मोजपट्टीनें प्रत सांगतात. साठापासून सत्तरापर्यंतचे अकरा अंक केवळ कोऱ्या नाण्यांसाठीं राखलेले आहेत. १९८६ पासून अमेरिकेंत नाणें तपासून, अंक देऊन, तें प्लास्टिकच्या बंद डबींत घालून देण्याचा मोठा धंदाहि उभा राहिला, आणि तशा डब्या आपल्या बाजारांतहि आल्या आहेत.

हा शेल्डन मानसशास्त्रज्ञ होता. नाण्यांप्रमाणें माणसांच्या शरीरांचेहि त्यानें वर्ग पाडले होते. १९७७ सालीं तो वारला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं अमेरिकेंतील एका मोठ्या नाणकशास्त्रीय संस्थेच्या लक्षांत आलें कीं आपल्या संग्रहांतील कित्येक उत्कृष्ट सेंट नाहींसे झाले आहेत, आणि त्यांच्या जागीं त्याच जातीचे पण हलक्या प्रतीचे सेंट बसलेले आहेत. जुन्या छायाचित्रांशीं ताडून पाहतां ही अदलाबदल शेल्डननें केली, असा निष्कर्ष निघाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. जगाला प्रत मोजावयास शिकविणाऱ्या माणसानें हलक्या प्रतीच्या जागीं वरची प्रत अशी उचलली!

ही हकीकत मीं प्रथम वाचली तेव्हां मला त्याचा तिटकारा आला. पण तो फार वेळ टिकला नाहीं, कारण मला माझीच एक गोष्ट आठवली. आणि आज ती सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे.

माझे एक ज्येष्ठ स्नेही होते. आमची नाण्यांची देवघेव नेहमीं चाले. एकदां मीं त्यांना एक रुपया दिला आणि बदल्यांत त्यांच्याकडची एक सुरेख शिवराई घेतली. रुपयाच्या पाकिटावर मीं स्वतःच्या हातानें ‘अत्युत्तम’ असें लिहिलें होतें. तो रुपया पूर्वीं कोणी तरी घासलेला होता, आणि नंतर त्यावर पुनः काळिमा चढला होता. त्या काळिम्याखालचे ओरखडे मला दिसले होते. पण ते दिसले नाहींत असें मीं मनाशीं ठरविलें. खोटें बोललों असें मला त्या वेळीं वाटलेंहि नाहीं. शिवराई हवी होती, आणि हवेपणानें डोळ्यांवर झांपड आली. स्नेह्यांनीं पाकीट पाहिलें, मान डोलविली, आणि आम्ही चहा प्यालों.

पुढें कित्येक वर्षांनीं ते गेले. त्यांच्या चिरंजीवांनीं संग्रहाची यादी करण्यासाठीं मलाच बोलाविलें, म्हणाले, “काका, बाबांचा तुमच्यावर विश्वास होता.” पाकिटें एकेक काढतां काढतां माझ्या अक्षराचें तें पाकीट निघालें. माझ्या ‘अत्युत्तम’वर त्यांनीं एक सरळ रेघ मारली होती. खालीं त्यांच्या बारीक अक्षरांत लिहिलें होतें: ‘मध्यम. घासलेला. मित्राकडून.’ आणि तारीख, ज्या दिवशीं मीं तो दिला त्याच दिवसाची. म्हणजे त्यांना त्याच संध्याकाळीं कळलें होतें. त्यानंतर इतकीं वर्षें आम्ही भेटत होतों, एकमेकांचीं नाणीं पाहत होतों, आणि त्यांनीं एका शब्दानेंहि तें मला जाणवूं दिलें नव्हतें. त्या दिवशीं मीं ती शिवराई त्यांच्या चिरंजीवांच्या हातीं दिली आणि कारणहि सांगितलें. सांगतांना मला फार जड गेलें. पण न सांगतां ती दिली असती तर तो दुसरा खोटेपणा झाला असता.

म्हणून मी म्हणतों, प्रत ठरविण्याची विद्या भिंगांत नाहीं आणि आंकड्यांतहि नाहीं. भिंग प्रत्येकाला सारखेंच दाखवितें. विकत घेतांना जें नाणें मध्यम दिसतें, तेंच विकतांना अत्युत्तम दिसूं लागतें. मधल्या काळांत नाण्यांत कांहींच बदल झालेला नसतो. जो दोन्ही वेळां एकच शब्द उच्चारूं शकतो, त्याला प्रत समजली.

आतां ज्यांना या छंदाचा प्रारंभ करावयाचा असेल त्यांच्यासाठीं थोड्या व्यवहाराच्या सूचना. प्रारंभ मौल्यवान नाण्यांपासून करूं नका. १९५७ च्या एप्रिलमध्यें दशमान पद्धति सुरू झाली, तेव्हांच्या नव्या पैशांपासून करा. एकच मूल्य घ्या, त्यांतील वर्षें आणि टांकसाळी जुळवा. सालाखालीं चौकटीच्या आकाराची खूण असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, कांहींच नसेल तर कलकत्ता. पंचवीस पैसे आणि त्याखालचीं नाणीं २०११ सालीं चलनांतून गेलीं, तरी तीं घरोघर डब्यांत पडून आहेत. अशीं पन्नास नाणीं मेजावर मांडून त्यांना प्रतवार लावा. चार दिवसांनीं, पहिला क्रम न पाहतां, पुनः लावा. दोन क्रम जुळूं लागले म्हणजे डोळा तयार झाला असें समजा.

नाणें नेहमीं कडेनें धरावें, आणि खालीं मऊ कापड असावें. चकचकीत, वास येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्या. कालांतरानें त्यांतून सुटणारीं द्रव्यें नाण्यावर हिरवट चिकटा आणतात. पावसाळ्यांत दमट हवेपासून जपावें. प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी, व तीवर तें कोणाकडून आलें, कधीं आलें, हें लिहावें. मूळ ठाऊक नसलेलें नाणें अर्धें मुकें असतें. आणि जमिनींत नाणीं सांपडलीं तर तीं आपलीं समजूं नयेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणें अशा धनाची वर्दी कलेक्टरांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनीं नाणीं १९७२ च्या कायद्यानें पुरातन वस्तूंत मोडतात व तीं परदेशीं नेतां येत नाहींत. जोगळटेंभीचा सांठा हातोहात वांटला जाऊन वितळला असता तर काय गमावलें असतें हें ज्यानें ऐकलें, त्याला या कायद्याची अडचण वाटूं नये.

आजोबांचा तो रुपया अजून माझ्याकडे आहे. स्नेह्यांचें पाकीट सांपडलें त्या रात्रीं मीं त्याच्यासाठींहि एक चिठ्ठी लिहिली: ‘मध्यम. घासलेला. माझ्या हातून. आजोबांकडून.’ इतक्या वर्षांत त्याच्यावर पुनः एक पिवळसर छटा चढूं लागली आहे. ती पहिल्यासारखी होणार नाहीं; पण चांदी आपलें काम करीत आहे, आणि या वेळीं मी तिच्या वाटेस जाणार नाहीं.

येत्या दिवाळींत आपणहि डबा अवश्य काढा. पूजा करा, फुलें वाहा, हळदकुंकूं ताम्हनांतील सुपारीला लावा, आणि मुलांना एकेक नाणें कडेनें धरून पाहावयास द्या. चिंच मात्र त्या दिवशीं आमटीपुरतीच राहूं द्या.